पाहणीवाल्याला आपणही विचारावे

दारात कुणी छापील तक्ता घेऊन आला की आपण बाज टाकतो, पाणी देतो आणि विचारील ते सांगतो. माणसे किती, जनावरे किती, कर्ज किती. तो लिहून घेऊन जातो. पुढे त्या कागदाचे काय झाले, कळत नाही.

किनवट तालुक्यात अडचण दुहेरी. तक्ता मराठीत, आणि ओसरीवरची आजी बोलणार गोंडी, कोलामी, बंजारा बोली, नाहीतर तेलुगू. त्यात परक्या पुरुषापुढे बाईने अंगावरचे दुखणे सांगायचे कसे? मग तक्त्यात ‘आजार नाही’ असे पडते.

नुसत्या मोजणीतून ‘किती’ ते समजते, ‘का’ ते नाही. नुसत्या बोलण्यातून ‘का’ कळते, पण कचेरीत आकड्यावाचून कुणी ऐकत नाही. म्हणून दोन्हींची सांगड घालून संमिश्र पाहणी करतात. कुणी आधी मोजतात आणि मग आकड्यांचा अर्थ विचारायला गावात येतात. हे सोपे, पण प्रश्न शहरातच ठरलेले असतात. जे विचारलेच नाही ते आकड्यांत येणार कुठून? कुणी आधी गावाचे ऐकून, गावाच्या शब्दांत प्रश्न बांधून मग मोजतात. याला वेळ लागतो, पण मला हीच रीत पटते. त्याहून पुढची रीत म्हणजे वही गावाच्याच हाती देणे.

गडचिरोलीचेच पाहा. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली निष्कर्ष छापून आले: शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग, आणि त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या अवघ्या आठ. नुसते दारोदार विचारून हे कधीच वर आले नसते.

पुढे ३९ गावांत त्यांनी गावातल्याच बायांना शिकवले. त्या घरोघर जाऊन बाळाचे वजन करीत, श्वास मोजीत, नोंद ठेवीत, उपचारही करीत. तुलनेला दुसरी ४७ गावे होती. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. २०११ पासून आशाताईंमार्फत अशी घरची देखभाल देशभर सुरू झाली. त्या ४७ गावांतल्या बाळांचे काय, हा प्रश्न मला टोचतो. पण तुलनेवाचून सरकारला ते पटले नसते, हेही खरे.

तेव्हा पुढच्या वेळी पाणी जरूर द्या, पण विचारा: हे प्रश्न कुणी ठरवले? आमच्या बोलीत विचाराल का? बायांशी बोलायला बाई आणली आहे का? निघालेले आकडे ग्रामसभेत वाचून दाखवाल का? संशोधनाच्या पाहणीला ‘नाही’ म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे. जनगणनेची गोष्ट वेगळी, तिथे उत्तर देणे कायद्याने बंधनकारक आहे.