तलावाकाठचे घर आणि परदेशातला खरेदीदार

बोदलकसा हा गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातला, जंगलाने वेढलेला तलाव. जवळच नागझिरा अभयारण्य आहे. २०१३ पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात मोडते. विदर्भातून परदेशी स्थायिक झालेल्यांना सुटीचे घर बांधायला असा परिसर हवाहवासा वाटतो. त्यांच्यापैकी ज्यांनी तिकडचे नागरिकत्व घेतले, त्यांच्यासाठी मात्र ही कायद्याने परक्या देशातली खरेदी असते.

परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ म्हणजे फेमा. त्याखालच्या नियमांनुसार अनिवासी भारतीय आणि ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्डधारक घर किंवा बिगरशेती भूखंड घेऊ शकतात. शेतजमीन, मळा आणि फार्महाऊस मात्र त्यांना विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही मिळत नाही. वारसाहक्काने आलेली शेती ठेवता येते. विकायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. पैसे बँकेमार्फतच द्यावे लागतात. डॉलरच्या नोटा चालत नाहीत. नियम मोडल्यास व्यवहाराच्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

यावर सर्रास सांगितली जाणारी तोड म्हणजे, ‘भावाच्या नावावर घेऊन टाकू.’ ही तोड नव्हे, धोका आहे. पैसा एकाचा, नाव दुसऱ्याचे आणि उपभोग पहिल्याचा, असा व्यवहार बेनामी ठरू शकतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी एक ते सात वर्षे सक्तमजुरी, बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड आणि मालमत्ता जप्त होण्याची तरतूद आहे. शिवाय भाऊ स्वतः शेतकरी नसेल, तर विदर्भाच्या १९५८ च्या कूळ कायद्यामुळे त्यालाही परवानगीशिवाय शेती घेता येत नाही.

खरी परीक्षा सातबाऱ्यावर होते. मालकाचे नाव आणि क्षेत्र पाहून कागद मिटणारे फसतात. आधी भोगवटादार वर्ग पाहावा; वर्ग २ असेल तर विक्रीला सरकारी परवानगी लागते. मग ‘इतर अधिकार’ हा रकाना ओळ न ओळ वाचावा: कूळ, बोजा, हस्तांतरणावरची बंदी तिथेच नोंदलेली असते. गोंदिया जिल्ह्यात गोंड समाजाची वस्ती मोठी आहे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला विकायची तर महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे राज्य शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. ही तरतूद आदिवासींच्या जमिनी हातच्या जाऊ नयेत म्हणून आहे आणि ती योग्यच आहे.

पूर्व विदर्भाचा आणखी एक पेच म्हणजे झुडपी जंगल. महसुली दप्तरात अशी नोंद असलेली जमीन वनच समजावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. दलाल तिला ‘पडीक’ म्हणून दाखवू शकतो. त्यामुळे तलाठ्याकडचे जुने उतारे आणि निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक वापराच्या जमिनींची नोंद) तपासावे, वनविभागाकडेही विचारणा करावी.

खरेदीदार परदेशातून मुखत्यारपत्र पाठवणार असेल, तर ते भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घ्यावे आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे.

एवढे झाल्यावर ओसीआय कार्डधारकासमोर उरतात ते गावठाणातले घर किंवा रीतसर बिगरशेती झालेला भूखंड. वर्षातून एखादाच पंधरवडा येणाऱ्याने आधी बोदलकसा येथील महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवासात राहून पाहावे. घर घेण्याचा विचार त्यानंतर करावा.