उपचारानंतरचा उपचार

मुलांनो, ताप आला की आपण दवाखान्यात जातो. डॉक्टर औषध देतात. चार दिवसांत ताप उतरतो आणि आपण पुन्हा शाळेत येतो. आजार गेला की इलाज संपला, असे आपल्याला वाटते. पण काही आजार जाताना आपली खूण मागे ठेवतात. ताप उतरतो, पण पायात जोर राहत नाही. जखम भरते, पण बोटे वळत नाहीत. अशा वेळी खरे काम पुढेच असते. त्या कामाला वैद्यकीय पुनर्वसन म्हणतात. पुनर्वसन म्हणजे पुन्हा वसवणे. धरणामुळे उठलेल्या गावाचे पुनर्वसन करतात, हे तुम्ही ऐकले असेल. येथे मुलाला पुन्हा त्याच्या घरात, शाळेत आणि मित्रांमध्ये वसवायचे असते.

पोलिओचेच उदाहरण घ्या. पोलिओचे विषाणू दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जातात. काही मुलांमध्ये ते पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत पोहोचतात आणि स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी नष्ट करतात. हुकूमच येत नाही, म्हणून पाय लुळा पडतो. या रोगाला बरे करणारे औषध नाही. पूर्वी असा पाय बरेच दिवस फळीला बांधून ठेवीत. ऑस्ट्रेलियातील परिचारिका एलिझाबेथ केनी यांनी वेगळा मार्ग दाखवला. त्या गरम लोकरी कापडाने पाय शेकत आणि हळूहळू त्याची हालचाल करून घेत. जे स्नायू जिवंत आहेत, त्यांना कामाला लावायचे, हा त्यामागचा विचार होता.

आपल्या मुंबईत हे काम उभे राहिले, ते एका आईच्या धडपडीतून. तिचे नाव फातिमा इस्माईल. स्वातंत्र्यलढ्यात काम केलेल्या या बाईंच्या लहान मुलीला पोलिओ झाला. मुलीवर उपचार व्हावेत म्हणून त्या तिला दूर मद्रासला घेऊन गेल्या. मुलगी सुधारू लागली. तेव्हा त्यांच्या मनात आले, की ज्या आईला मद्रास गाठता येत नाही, तिने काय करावे? १९४७ मध्ये त्यांनी मुंबईत पोलिओ झालेल्या मुलांसाठी उपचार केंद्र सुरू केले. या कामातूनच पुढे हाजी अली भागात मुलांचे अस्थिरोग रुग्णालय उभे राहिले. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. याच हाजी अली भागात १९५५ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची पुनर्वसन संस्थाही आहे.

पुढे लसीने पोलिओला हरवले. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण २०११ मध्ये सापडला आणि २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त ठरला. मग पुनर्वसनाचे काम संपले का? नाही. काही मुलांच्या मेंदूला जन्मापूर्वी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच इजा होते. त्यांचे स्नायू ताठर होतात. याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. हा संसर्गजन्य रोग नाही. अपघात आणि भाजण्यामुळेही मुलांना अशा उपचारांची गरज पडते.

हे काम एकट्या डॉक्टरांचे नाही. भौतिकोपचार तज्ज्ञ व्यायाम करून घेतात. व्यवसायोपचार तज्ज्ञ बटण लावणे, घास घेणे, पेन्सिल धरणे शिकवतात. वाचा-उपचार तज्ज्ञ बोलायला शिकवतात. कारागीर मापाप्रमाणे कॅलिपर किंवा कृत्रिम पाय तयार करतात. मूल वाढते, तसे हे मापही पुन्हा पुन्हा बदलावे लागते.

मोठ्या माणसाला गमावलेली शक्ती परत मिळवायची असते. लहान मुलाला मात्र जे अजून आलेच नाही, ते शिकायचे असते. म्हणून त्याचा उपचार बहुधा खेळातून होतो. चेंडू पकडताना हात ताणला जातो, पायरी चढताना पायात जोर येतो.

वेळेचे महत्त्व येथे फार आहे. काही बाळांचे पाऊल जन्मतःच आत वळलेले असते. जन्मानंतर लवकर उपचार सुरू केले, तर दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाच-सहा आठवड्यांत ते बहुधा सरळ होते. पुष्कळ बाळांच्या टाचेजवळ एक लहानशी शस्त्रक्रिया करावी लागते. नंतर चार-पाच वर्षांचे होईपर्यंत मुलाला झोपताना खास बूट घालावे लागतात. पाऊल सरळ दिसते म्हणून बूट बंद केले, तर ते पुन्हा वळू शकते.

दवाखान्यात मूल आठवड्यातून एक तास असते. बाकीचे सर्व तास घरी जातात. म्हणून रोज व्यायाम करून घेणारी आई, आजी किंवा मोठी बहीण यांचाही या इलाजात मोठा वाटा असतो. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केला, की कमजोर बोटांनाही धरता येतो. उर्दूत आपण म्हणतो, 'कतरा कतरा दरिया बनता है.' मराठीत म्हणतात, 'थेंबे थेंबे तळे साचे.' पुनर्वसनाचे तळेही असेच साचते.

आता तुमचा वाटा पाहा. अशा मुलांना आज दिव्यांग म्हणतात. २०१६ च्या कायद्याने त्यांना इतरांसोबत शिकण्याचा हक्क दिला आहे. पण हक्क कागदावर असतो आणि बाक वर्गात असतो. त्या बाकावर शेजारी कोण बसणार, हे कायदा ठरवत नाही, तुम्ही ठरवता. वर्गात असा मित्र असेल, तर त्याला हसू नका. त्याच्या कुबड्यांशी खेळू नका. त्याची चाकांची खुर्ची न विचारता ढकलू नका. तो स्वतः करू शकतो ते काम त्याला करू द्या, थोडा उशीर लागला तरी चालेल. मैदानावरून त्याला परत पाठवू नका. धावता येत नसेल, तर तो पंच होईल, गुण लिहील. मुलाला आपल्या पायावर उभे करायला तज्ज्ञ लागतात. उभ्या राहिलेल्या मुलाला आपल्यात घ्यायला तुम्ही लागता.

स्वाध्याय
१. 'पुनर्वसन' या शब्दाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
२. फातिमा इस्माईल यांनी उपचार केंद्र का सुरू केले?
३. 'पण हक्क कागदावर असतो आणि बाक वर्गात असतो.' या वाक्यातून तुम्ही काय शिकलात, ते चार-पाच ओळींत लिहा.