यंदा चांदणी लावायची का?

माझं फील्डवर्क जव्हार-मोखाड्यात आहे. दिवाळी झाली की इथल्या पाड्यांतली बरीच घरं बंद होतात, माणसं वीटभट्ट्यांवर जातात. मागे राहिलेल्यांशी बोलताना गेलेल्या मुलांचा विषय न विचारता निघतो. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, तेव्हा बाहेरच्यांना हा भाग कळला.

परवा एक बाई गेलेल्या लेकाबद्दल सांगता सांगता खळखळून हसली. कोंबडीमागे धावताना तो चिखलात पडला होता, त्याची आठवण. पुढच्या क्षणी पदर डोळ्यांना. मी वहीत 'विसंगत' लिहिलं. रात्री खोडलं.

खोडलं, कारण विसंगत काहीच नव्हतं. शोकाच्या पाच पायऱ्या आपण ऐकलेल्या असतात. पण कुबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांवरून नव्हे. स्ट्रोब आणि शूट यांनी १९९९ मध्ये वेगळं चित्र दिलं. माणूस झोके घेतो: कधी दुःखात बुडतो, कधी चूल, शेत, सण यांच्याकडे वळतो, पुन्हा मागे येतो. दोन्हीकडे जाता येणं, हीच सावरण्याची रीत. केल्टनर आणि बोनॅनो यांनी १९९७ मध्ये जोडीदार गमावलेल्यांच्या मुलाखती तपासल्या. मृत्यूबद्दल बोलताना जे मनापासून हसले (खरं हसू डोळ्यांभोवतीच्या स्नायूवरून ओळखतात), त्यांचा त्रास कमी होता. हसल्यामुळे कमी झाला, असं मात्र यातून सिद्ध होत नाही.

पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. रमाबाई एप्रिल १९२२ मध्ये गेल्या. मध्ये एकच नाताळ आला. केडगावात बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. मला यात तोच झोका दिसतो.

हे सगळं लिहितोय कारण आमच्या घरी, वसईला, यंदा बाबांशिवाय पहिला नाताळ आहे. आईने फोनवर विचारलं, "चांदणी लावायची का रे? लोक काय म्हणतील?" मी संशोधन सांगायला लागलो, ती म्हणाली, "ते राहू दे."

मग चर्चचं कॅलेंडर आठवलं. २५ तारखेला जन्म, आणि तीनच दिवसांनी, २८ ला, हेरोदाने मारलेल्या बाळांचं स्मरण. मत्तयाच्या गोष्टीत बेथलेहेमच्या आया रडतात, आणि कुणी त्यांना गप्प बसवत नाही. देवदूतांचा आनंद आणि तो आक्रोश एकाच गावातले. नाताळचा आनंद दुःख संपलेल्यांसाठी राखून ठेवलेला असता, तर ही २८ तारीख कुणी ठेवली नसती.

आईला एवढंच सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा वायर नेहमी उलटी जोडायचे," आणि हसली.

२४ ला दुपारच्या एसटीने निघतोय. माळ्यावरचा खोका मी आल्यावरच उतरवायचा, असं ठरलंय.