बालरुग्ण हस्तांतरण
बालरुग्ण हस्तांतरण म्हणजे उपचाराधीन बालकाची जबाबदारी एका वैद्यकीय चमूने दुसऱ्याकडे सोपविणे. हृदयशस्त्रक्रियेनंतर बालकास अतिदक्षता विभागात आणताना श्वसनयंत्र, औषधांच्या नळ्या व मॉनिटर नव्याने जोडावे लागतात. त्याच गडबडीत तोंडी माहितीही दिली जाते. बालक स्वतः काही सांगू शकत नाही, त्यामुळे राहून गेलेली बाब जिवावर बेतू शकते. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातील डॉक्टरांनी यासाठी चक्क फेरारीच्या फॉर्म्युला वन शर्यतीतील चमूची कार्यपद्धती अभ्यासली. सूत्रे भूलतज्ज्ञाकडे आली; आधी यंत्रे जोडावयाची, मगच माहिती सांगावयाची, असा क्रम ठरला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार प्रत्येक हस्तांतरणातील तांत्रिक चुका सरासरी ५.४२ वरून ३.१५ वर आल्या. त्यासाठी वेळ मात्र अधिक लागला नाही.