क्रम कसाही, हजेरी पक्की

‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य घ्या. ‘आंबा रामाने खाल्ला’, ‘खाल्ला रामाने आंबा’, कसेही फिरवा, खाणारा रामच. कारण ‘ने’ हा प्रत्यय त्याला चिकटलेला आहे.

आता संगणकाचे पाहा. त्याला मजकूर वाचायला शिकवायची एक रीत म्हणजे व्याकरणाचे नियम लिहून देणे; आणि ते सहसा ठरल्या क्रमानेच चालतात. अर्जात नाव, गाव, पीक कशाही क्रमाने आले तरी चालावे म्हटले, की मांडण्या झाल्या ६. पाच गोष्टींच्या १२०, आणि दहांच्या ३६,२८,८००! एवढे नियम लिहिणार कोण? १९८६ च्या एसजीएमएल या लेखनपद्धतीत ‘क्रम कसाही’ सांगणारे खास चिन्ह होते. १९९८ च्या एक्सएमएलने सोपेपणासाठी ते गाळले.

मग युक्ती काय? नियम एकच लिहावा: ‘यादीतली कोणतीही गोष्ट, कितीही वेळा.’ मात्र प्रत्येकीवर तिच्या नावाची खूण हवी. वाचून झाले की हजेरी घ्यावी. कोण आले नाही? कोण दोनदा आले? शिक्षकमित्रहो, वर्गात मुले कुठेही बसोत, गैरहजर मूल हजेरीपटावर सापडतेच ना?

क्रमावर अडून बसाल, तर खरा अर्ज परत जाईल; हजेरी विसराल, तर अपुरा अर्ज बिनबोभाट पुढे सरकेल. तेव्हा सूट द्यावी ती क्रमाला, हजेरीला नव्हे.