सिग्नलची टक्कर टाळली, पण पेटंट मिळेल का?

मिरज जंक्शनच्या गर्दीतही कानातलं ब्लूटूथ गाणं तुटू देत नाही. कसं? ते ७९ चॅनेलवर सेकंदाला १६०० उड्या मारतं आणि गजबजलेले चॅनेल टाळतं. उड्यांची कल्पना जुनीच; हेडी लामार आणि जॉर्ज अँथाइल यांना १९४२ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं होतं.

तुम्हाला नवी पद्धत सुचली तर? आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(के) म्हणतं, नुसत्या अल्गोरिदमला पेटंट नाही. पण २०१९ च्या फेरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं तांत्रिक परिणामाला महत्त्व दिलं. म्हणून अर्जात फक्त गणित नको, पॅकेट किती कमी हरवतात ते मोजून दाखवा.

आणि हो, आधी अर्ज, मग प्रदर्शन. मी कॉलेजात उलटं केलं. नावीन्य तिथेच संपलं!