ब्रेकची जाळीदार नळी

ब्रेक दाबला की रबरी होज दाबाने किंचित फुगतो आणि पेडल मऊ लागते. टेफ्लॉनच्या नळीवर स्टीलच्या तारांची वीण असलेला होज फारच कमी फुगतो. पण ही वीण कानशीसारखी असते. जिथे घासेल तो भाग ती झिजवते, आणि विणीत शिरलेली वाळू आतली नळी कुरतडते. म्हणून वरून प्लॅस्टिकचे आवरण हवेच.

बसवताना होजला पीळ पडू देऊ नये. बॅन्जो बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वॉशर घालावेत. मग ब्रेकमधली हवा काढावी.

मामांच्या गॅरेजमध्ये पुढचे काम माझे: चाक लोंबते असताना आणि जमिनीवर टेकल्यावरही, स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून होज ताणतो किंवा घासतो का, ते पाहायचे. शेवटी मामा पेडल जोरात दाबून धरतात, मी सांधे तपासतो. एक थेंब दिसला, तरी गाडी बाहेर जात नाही.